बांध जिंकला, देवराई हरली: खानापूर तालुक्यातल्या एका शाळेची मोजणी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली एक सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळा. सहावी आणि सातवी एकाच खोलीत बसतात. विज्ञानाला सर, भाषेला बाई. गणपतीची सुट्टी संपून दसऱ्याची लागायच्या मधल्या दिवसांत, शनिवारच्या सकाळच्या शाळेत, या मुलांनी गावातल्या चार जागी जमिनीवर उगवलेल्या वनस्पतींचे प्रकार मोजले. शाळेचं आवार, भाताचा बांध, अकेशियाची लागवड आणि गावची देवराई. फळ्यावर बेरीज मांडली तेव्हा बांध पहिला आला, शाळेचं आवार दुसरं. देवराई तिसरी, अकेशियाच्या जेमतेम पुढे.

"सर, मग बांधच बरा की ओ!" असं एक मुलगा म्हणाला आणि वर्ग हसला. सर हसले नाहीत. पुढच्याच आठवड्यात पालकांची आणि एसडीएमसीची, म्हणजे शाळेवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची, बैठक होती. तक्ता तिथे भिंतीवर लावायचा होता, आणि देवराई का राखायची हे गावाला मुलांच्या तोंडून कळावं म्हणून तर हा सगळा खटाटोप केला होता. सरांचं म्हणणं पडलं की तक्ता तूर्त कपाटात ठेवावा. बाई म्हणाल्या, मुलांनी खरं मोजलंय. ते झाकलं तर पुढच्या खेपेला आपल्याला आवडेल तेवढंच मोजून आणतील. शाळांमधून असे उपक्रम बसवायला मी मदत करतो, म्हणून या पेचात मला बोलावणं आलं.

आधी जागेविषयी. मलप्रभा नदी याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, म्हादईही याच डोंगरात. भीमगड वन्यजीव अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. त्याच परिसरातल्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतं. १९१३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि जवळजवळ शतक संपेपर्यंत जगात ते फक्त याच गुहेत आहे असं मानलं जात होतं. पुढे ते कंबोडियात आणि मेघालयातही सापडलं. जैवविविधतेवर बोलायला कोणी पाहुणा आला की या वटवाघळाचं चित्र पडद्यावर येतंच. मला त्याचं वावडं नाही. पण ते वटवाघूळ मुलांनी पाहिलेलं नसतं आणि पाहायला जाऊही नये, गुहेतली वर्दळ त्यालाच बाधते. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाताला जे लागतं ते बांधावर, परसात आणि देवळामागच्या रानात.

वेळ मात्र शिक्षकांनी नेमकी निवडली होती, आणि ही गोष्ट वाटते त्याहून महत्त्वाची आहे. जागतिक जैवविविधता दिन २२ मे रोजी येतो. तेव्हा शाळेला सुट्टी असते आणि बांध वाळून कोळ झालेला असतो. त्या दिवशी घोषवाक्यं लिहिता येतात, बाकी फारसं काही करता येत नाही. भाद्रपद-आश्विनात भात पोटरीला आलेलं असतं, तेरडा आणि कवळा फुललेला असतो, पाऊस मधूनच उघडीप देतो. दुसरं कारण तब्येतीचं. शेजारच्या, गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यांत मागच्या दशकात माकडतापाचे रुग्ण सापडले. तो ताप पसरवणाऱ्या गोचिडींची पिल्लं पावसाळा सरल्यावर, उन्हाळा संपेपर्यंत, पाचोळ्यात जास्त असतात. त्या दिवसांत मुलांना रानातला पाचोळा उपसायला लावणं शहाणपणाचं नाही. पावसाळ्यात सापाची भीती असते, म्हणून काठीने जमीन ठोकत चालायचं, दगडाखाली हात घालायचा नाही आणि गवताच्या दाट जाळीत चौकट टाकायची नाही, हे नियम आधीच घालून दिले होते. देवराईत जळवा होत्या. एका मुलीच्या पोटरीला चिकटली तेव्हा तिने ओरडण्याआधी विचारलं, "सर, हिला मोजायचं काय?"

आता मोजणी. चार कामट्या आणि सुतळी यांची एक मीटर बाय एक मीटरची चौकट, प्रत्येक जागी पाच वेळा टाकलेली. चौकट मुलांच्या हातात दिली की ती फुलं दिसतात तिकडेच टाकतात, म्हणून चिठ्ठ्या केल्या होत्या: एक चिठ्ठी पुढे किती पावलं, दुसरी उजवीकडे किती पावलं. जिथे पाऊल थांबेल तिथे चौकट, मग तिथे चिखल असो की शेण. झाडाचं नाव माहीत असलंच पाहिजे अशी अट नव्हती. दोन रोपं एकाच जातीची की वेगळी, एवढं ठरवायचं. नाव नसेल तर वर्गाने द्यायचं आणि पानाचं चित्र काढून ठेवायचं. "केसाळ देठाचा", "तीनपानी बुटका" अशी नावं वहीत आली. शास्त्रीय नाव नंतर शोधता येतं, फरक ओळखायची नजर आधी यावी लागते.

इथे वर्गातले नंबर उलटेपालटे झाले. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी, घरी म्हशींना चारा कापून आणणारी दोन-तीन मुलं गवतं पात्यावरून, गाठीवरून, चिरडल्यावर येणाऱ्या वासावरून वेगळी काढत होती. सरांना जिथे एकच गवत दिसत होतं तिथे त्यांनी तीन दाखवली. बांधाच्या यादीत हरळी, लव्हाळा, माका, केना, आंबुशी, टाकळा, कुर्डू, भुईआवळी, लाजाळू, एकदांडी, ओसाडी असं बरंच काही जमलं. देवराईच्या चौकटीत पाचोळा, दोन-चार नेचे, जांभळाची आणि अंजनीची रोपटी, एखादी वेल. एका चौकटीत तर पाचोळ्याशिवाय काहीच नव्हतं, आणि त्या गटाने वहीत इमानेइतबारे शून्य लिहिलं.

असं का झालं हे शेतकऱ्याच्या पोराला समजावायला वेळ लागत नाही. बांधावर ऊन भरपूर. वर्षातून एक-दोनदा विळा फिरतो, चिखलाचा नवा थर चढतो, गुरं तोंड मारतात, त्यामुळे एकाच झाडाला सगळा बांध बळकावता येत नाही आणि लहानसहान पुष्कळांचं निभावतं. देवराईत वरचा सगळा उजेड मोठ्या झाडांनी आधीच खाल्लेला असतो. खाली जे जगतं ते सावलीत जगू शकणारं, म्हणून मोजकंच. याला देवराईचं दारिद्र्य कसं म्हणणार? तिचा सगळा संसार माडीवर आणि आपण ओसरी मोजून आलो.

आणखी एक मुद्दा मी शिक्षकांपुढे ठेवला. ही चौकटीची पद्धत १८९८ च्या सुमारास रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गवताळ माळांवर बसवली. क्षितिजापर्यंत गवत असलेल्या मुलखात एक मीटरची चौकट चोख काम करते. तेच माप घेऊन आपण साठ-सत्तर फूट उंच झाडांच्या रानात शिरलो, तर ते रान मोजमापाला बसेल तेवढंच दिसणार. शाळांमधल्या बहुतेक जैवविविधता उपक्रमांत चौकट आणि यादी इथेच गाडी थांबते, आणि हाताने काम केलं म्हणजे मुलं आपोआप बरोबर शिकली असं आपण धरून चालतो. मला हे धोक्याचं वाटतं. स्वतःच्या हाताने मिळवलेला अपुरा निष्कर्ष पुस्तकातल्या चुकीपेक्षा जास्त पक्का बसतो.

म्हणून तक्ता काढायचा नाही, तसाच ठेवायचा असं ठरलं. सरांनाही ते पटलं. फक्त वर्गाला एक प्रश्न दिला: या चौकटीत काय काय आलं नाही? उत्तरं पटापट आली. चौकटीच्या वरचं आलं नाही. पाचोळ्याखालचं आलं नाही. एका मुलीने सांगितलं, रात्री येणारं आलं नाही. काजव्यांचा हंगाम तर केव्हाच संपला होता, आणि रात्री मुलांना रानात नेण्याचा प्रश्नच नव्हता, या भागात गवा आणि अस्वल दोन्ही फिरतात. पण मुद्दा तिचा बिनतोड होता, आणि तक्त्याखाली "रात्रीचे मोजले नाहीत" अशी ओळ लिहिली गेली.

दुसऱ्या फेरीच्या आधी देवराईच्या पंचांना पुन्हा विचारावं लागलं. या देवराईचा दंडक कडक आहे. चपला बाहेर, काही तोडायचं नाही, आणि आतलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. एरवी पाचोळ्यातले किडे पाहायला पाचोळा पिशवीत भरून शाळेत आणतात आणि नरसाळ्यावर जाळी ठेवून वरून दिवा लावतात. उष्णतेपासून पळणारे जीव खाली भांड्यात पडतात. आंतोनियो बेर्लेसे या इटालियन कीटकशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये काढलेली ही युक्ती, पुढे स्वीडनच्या तुलग्रेनने तिला विजेचा दिवा जोडला. इथे ती बाद झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, नियम पाळून विज्ञान करता येतं हे मुलांनी पाहणं बरंच. अनवाणी चालायचं म्हणून वाट आणि बसायची जागा आधी काठीने ठोकून घेतली. मग गवंड्याची वाळू चाळायची चाळण आणि एक पांढरं धोतर. ओंजळभर पाचोळा चाळणीत घ्यायचा, धोतरावर हलवायचा, खाली पडेल ते पाहायचं आणि सगळं होतं तिथेच परत पसरायचं. चारही जागी हीच रीत, म्हणजे तुलना सरळ राहते.

अंगावर वळसे घेत जाणारा वाणी, गोम, शंखाच्या गोगलगायी, मुंग्यांचे निरनिराळे प्रकार, उड्या मारणारे पांढुरके स्प्रिंगटेल, आणि एक असा जीव की ज्याने सगळ्यांना खिळवून ठेवलं: नांग्या विंचवाच्या, शेपटी मात्र नाही, आणि आकार तांदळाच्या कणीएवढा. मुलांनी त्याला "बिनशेपट्या" म्हटलं. त्याला छद्मविंचू म्हणतात, तो माणसाला काही करत नाही. पाळीपाळीने भिंगातून पाहताना सातवीच्या एका दांडगट मुलाने दोनदा रांगेत नंबर लावला. अकेशियाच्या पाचोळ्यात मात्र जाडजूड, न कुजलेल्या पानांचा थरावर थर आणि त्यामानाने सामसूम. हे झाड ऑस्ट्रेलियाकडचं, आणि त्याची पानं कुजायला वेळ लागतो. "आमच्या पाचोळ्याचं खत होतं, ह्याचं होत नाही," हे वाक्य मुलांनी घरी ऐकलेलं होतं. आता ते धोतरावर दिसलं.

देवराईत उंबराखाली पडलेली फळं होती. ती तिथेच फोडली. उंबरात किडे असतात हे सगळ्यांना ठाऊक, पण ते घाणीचे किडे असा समज. ती चिमुकली गांधीलमाशी असते. उंबराची फुलं फळाच्या आत दडलेली, आणि त्यांचं परागीभवन करायला ती आत शिरते, आतच अंडी घालते. वड, पिंपळ, उंबर, प्रत्येकाची माशी वेगळी. उंबर तोडलं तर तिला दुसरं घर नाही, आणि ती गेली तर उंबराला बी धरत नाही. यावर वर्ग बराच वेळ बोलत बसला, बिसीऊटची, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाची, घंटा होऊन गेली तरी.

वरचं मोजायला पुठ्ठ्याच्या नळ्या केल्या. वाटेवरच्या मोकळ्या जागी गोणपाटावर उताणं पडायचं, नळी डोळ्याला लावायची आणि त्या गोलात दिसतील ती वेगवेगळी पानं, वेली, फांदीवर बसलेल्या आमरी (ऑर्किड), घरटी नोंदवायची. गारंबीची वेल चार झाडांवरून फिरलेली मुलांनी पहिल्यांदा नीट पाहिली, गारंबीच्या बियांशी खेळून झालं होतं तरी. ही मोजणी ढोबळ आहे, शास्त्रज्ञ तिला नावं ठेवतील. पण ओसरी आणि माडी यांतला फरक तिने दाखवला.

तरीही खरं वळण मिळालं ते वर्गात, पत्त्यांवर. जुन्या लग्नपत्रिका कापून प्रत्येक प्रकाराचा एक पत्ता केला: चित्र, मराठी नाव, कोणाला येत असेल तर कन्नड नाव, आणि तो कुठल्या जागी सापडला. चार जागांचे चार ढीग. मग खेळ असा की एका ढिगातला पत्ता दुसऱ्या कुठल्याही ढिगात असला तर सगळीकडून काढायचा. बांधाचा ढीग भराभर उतरू लागला. त्याच्या बहुतेक पत्त्यांचे जोडीदार शाळेच्या आवारात बसलेले होते. लाजाळू, एकदांडी आणि ओसाडी तर मूळची अमेरिका खंडातली, जिथे जमीन उघडी पडेल तिथे उगवणारी. देवराईचा ढीग जवळजवळ तसाच राहिला.

यावर सरांनी दोन प्रश्न विचारले. उद्या शाळेच्या आवारात फरशी घातली तर गावातून कुठले पत्ते कायमचे जातील? मुलांनी शोधलं, हाताला फारसं काही लागलं नाही. देवराई गेली तर? ढीगच्या ढीग उचलून दाखवला. एका जागी किती प्रकार आहेत हे एक माप, आणि जागा बदलली की प्रकार किती बदलतात हे दुसरं. रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६० मध्ये तिथल्या सिस्कियू डोंगरातल्या वनस्पतींवर लिहिताना ही दोन मापं अल्फा आणि बीटा या अक्षरांनी वेगळी केली. सहावीच्या वर्गात ही अक्षरं कोणी उच्चारली नाहीत, गरजही नव्हती. पण ज्या मुलाने बांधच बरा म्हटलं होतं, त्याने पत्ते हातात धरून वेगळंच काढलं: "बांध जास्त, पण देवराई निराळी." बाईंनी ते वाक्य दुसऱ्या, पत्त्यांवरच्या तक्त्याचं शीर्षक म्हणून घेतलं.

मधे एक छोटा प्रसंग झाला, तो नोंदवायला हवा. पत्त्यावर "उपयोग" असा रकाना होता. मुलं गावात झाडपाल्याचं औषध देणाऱ्या आज्जीकडे विचारायला गेली. "काय शोधूलालाय रे पोरांनो?" म्हणत तिने नावं भराभर सांगितली, मुलांनी चुकवलेल्या दोन जोड्याही वेगळ्या करून दिल्या. औषध काय, हे मात्र सांगितलं नाही. ते भिंतीवर लावायचं नसतं म्हणाली. दोन्ही शिक्षकांनी तो रकानाच खोडला. जैवविविधता कायदा २००२ मध्ये आला, त्यानुसार ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते आणि त्यात लोकांचं असं ज्ञानही नोंदवलं जातं. पण कोणतं उघड करायचं आणि कोणतं नाही, हा निर्णय ज्याचं ज्ञान आहे त्याचा असायला हवा. शाळेच्या प्रकल्पांत या रकान्याचा आग्रह सर्रास धरला जातो. मला तो काढून टाकलेला बरा वाटतो. खायच्या भाज्यांचं तसं नाही. टाकळा, कुर्डू, आंबुशी कशी करायची हे सगळ्यांच्या घरी सारखंच, ते पत्त्यांवर राहिलं.

बैठकीत दोन्ही तक्ते शेजारी शेजारी लागले, पहिला न खोडता. मुलांनीच समजावून सांगितलं, एका गटाने पहिल्याची बाजू घेतली आणि दुसऱ्याने दुसऱ्याची. पालकांपैकी एक काका म्हणाले की देवराई राखायला देव पुरेसा आहे, किडे मोजायला कशाला हवेत. त्यांचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही. आजवर राखली ती देवानेच. मुलांना मात्र आता स्वतःचं एक कारण सापडलं आहे, आणि दोन कारणं असायला हरकत नाही.

सगळ्यांची मतं बदलली असं झालं नाही. निम्म्याअधिक वर्गाचा कल अजून बांधाकडे आहे, आणि त्यांचं कारण ऐकण्याजोगं आहे: बांधावरचं आपण खातो, गुरं खातात, देवराईतलं कोणी खात नाही. हे मत खोडून काढायची मला घाई नाही. उलट त्यातूनच पुढचं काम निघालं. एका मुलाने सांगितलं की त्याच्या काकांनी यंदा बांध कापलाच नाही, तणाचं औषध मारलं, आणि तिथला टाकळा दिसेनासा झाला. मजूर मिळत नाही, विळ्याने कापायला वेळ जातो, म्हणून फवारणी वाढते आहे हे सगळ्यांना दिसतंच आहे. पुढच्या वर्षी पावसाळ्यात मुलं दोन बांध मोजणार आहेत, एक विळ्याचा आणि एक फवारणीचा, त्याच चौकटीने आणि त्याच चिठ्ठ्यांनी. इथे चौकट योग्य ठिकाणी वापरली जाईल. मालकांची नावं तक्त्यावर येणार नाहीत, नुसतं बांध क आणि बांध ख. फवारणीनंतर मुलांना त्या बांधावर किती दिवसांनी जाऊ द्यायचं, हे सर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारून घेणार आहेत. ते कळल्याशिवाय बांध ख ची तारीख ठरणार नाही.